ॲन आर्बरहून, 2 जानेवारी 2024

आई, पप्पा,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. आधी हे सांगते की मी एकदम बरी आहे, वेळेवर जेवते, जॅकेटं दोन आहेत आणि दोन्ही घालते. काल तू तीनदा फोन केलास, मी उचलला नाही, मग तू रूममेटच्या आईला फोन लावलास. एवढं घाबरायचं नव्हतं गं. काल रोझ बोलची मॅच होती, म्हणजे कॉलेजांच्या अमेरिकन फुटबॉलची सेमीफायनल, आमची मिशिगन युनिव्हर्सिटी विरुद्ध अलाबामा. ती तिकडं कॅलिफोर्नियात पासाडेनाला आणि आम्ही सुट्टीत घरी न गेलेली सहा जणं इथं मैत्रिणीच्या खोलीत टीव्हीपुढं.

पप्पा, हे आपलं फुटबॉल नाही बरं. तुम्ही मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील तालमीची मॅच बघायला न्यायचात, ते वेगळं. इथला बॉल लांबट, हातात घेऊन पळायचं, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, नाही जमलं की बॉल समोरच्यांचा. पण पेठेपेठेतली खुन्नस असते ना, ती अगदी तीच. आमची खुन्नस ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीशी. नोव्हेंबरात ती मॅच इथंच झाली, लॅबमधल्या मुलीनं तिचं तिकीट मला दिलं, लाखावर माणूस एका स्टेडियममध्ये, आणि आपण 30-24 नं जिंकलो.

त्या दिवशीचाच तो फोटो, ज्यातल्या लाल ग्लासावरून तू विचारलंस. त्यात कोक होता, शप्पथ. इथं तो ग्लास सगळ्यांच्याच हातात असतो. मॅचआधीच्या त्या जमण्याला टेलगेट म्हणतात. म्हणजे काय, तर मॅच बाराला असली तरी लोक सकाळी सात-आठलाच येतात, स्टेडियमसमोरच्या गोल्फ कोर्सवर ओळीनं गाड्या लावतात, डिकी उघडतात आणि तिथंच शेगडी पेटवून मांस भाजायला घेतात. एवढ्या थंडीत, उघड्यावर, घरं जवळ असताना! कुणी घड्या घालायच्या खुर्च्या आणतं, कुणी टीव्हीसुद्धा. अनोळखी माणसाला हाक मारून ताट हातात देतात. मला एका आजींनी मक्याचं कणीस दिलं, वर लोणी, हातमोज्यांतून बोटं गरम झाली. कितीतरी जणांकडं तर तिकीटच नसतं, ते मॅचपुरते तिथंच बसून राहतात. आधी मला काही कळेना, मग जोतिबाच्या यात्रेतल्या राहुट्या आठवल्या आणि बरं वाटलं.

सीझन असा गेला की तेरापैकी तेरा जिंकल्या. त्यात आपले कोच हार्बॉ सहा मॅच मैदानावर नव्हते, पहिल्या तीन आणि नेहमीच्या सीझनमधल्या शेवटच्या तीन, दुसऱ्या टीमच्या इशाऱ्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणात शेवटची बंदी. ओहायोची मॅच पण त्यांच्याशिवाय. अलाबामा सप्टेंबरात टेक्सासशी हरली होती, पण नंतर एकही नाही. ऑबर्नविरुद्ध तर शेवटचा प्रयत्न आणि 31 यार्ड पाहिजेत, त्यांच्या मिलरोनं बॉल फेकला आणि जिंकले! मग जॉर्जियालाही हरवलं, जी सलग 29 जिंकून आली होती. म्हणून भीती वाटत होती, त्यात आपण मागची दोन वर्षं सेमीफायनललाच बाद झालेलो.

काल 20-13 नं मागं होतो, दीड मिनिट उरलं असताना बरोबरी केली. एक्स्ट्रा टाइमला आपला कोरम, ज्याचा गुडघा मागच्या सीझनला गेला होता, दोन वेळा पळाला आणि आत. मग अलाबामाला शेवटचे तीन यार्ड हवे होते, मिलरो स्वतः बॉल घेऊन घुसला आणि आपल्या पोरांनी भिंतीसारखा अडवला. 27-20. आम्ही सगळे रडत होतो. आता 8 तारखेला ह्यूस्टनला वॉशिंग्टनशी फायनल.

पैशाचं सांगते. या सेमेस्टरपासून शिकवायचं काम मिळालंय, फी माफ आणि वर महिन्याचा पगार. म्हणजे कर्जाचा पुढचा टप्पा उचलू नका पप्पा, बँकेत तसं सांगून या. घराचे कागद लवकर सुटतील. साताऱ्याच्या स्थळाला मात्र डिग्री होईपर्यंत थांबायला सांगा, मी नाही म्हणत नाहीये.

आणि आई, फोन सायलेंटवर नव्हता. तुझं नाव दिसलं होतं, शेवटचा डाव चालू होता, म्हणलं पाच मिनिटांनी करते. तुला मुलीकडच्यांना दादाच्या लग्नाची तारीख कळवायच्या आधी मला विचारायचं होतं हे मला काय माहीत. फेब्रुवारी ठरलीय तर ठरू दे, माझ्यासाठी बदलू नका, काम लागलंय तेव्हा मधेच रजा मिळायची नाही. दादाला मी वेगळा फोन करते. करवलीचा मान आत्याच्या धाकटीला द्या. माझी मोरपंखी पैठणी कपाटात खालच्या कप्प्यात आहे, तिला तीच नेसवा, आणि फॉल एका बाजूनं उसवलाय तो आधी शिवून घे.

तुमची,
सोनू