विषय : आर्केड कॅबिनेटच्या एक-बटण पॉवर किटबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक

तुमच्या हेल्पलाइनवर आज जे ऐकून घेतलं, त्यानंतर फोन करण्यात अर्थ उरला नाही, म्हणून लेखी देतो. गेमच्या कॅबिनेटमधला पीसी, मॉनिटर आणि दिवे एकाच बटणाने चालू-बंद व्हावेत, एवढंच या किटचं काम. किट तुम्हीच बनवता, तेव्हा आत काय आहे ते सांगत बसत नाही. काय चुकलंय तेवढं वाचा.

बटणापासून सुरू करू. मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना क्षणभर जोडून सोडणारं बटण लागतं. तुम्ही दिलंय ते दाबलं की आतच अडकून बसणारं. पीसी सुरू होतो, पिना जोडलेल्याच राहतात आणि चारेक सेकंदांत मदरबोर्ड त्याला सक्तीने बंद करतो. आर्केडचं साधं ३० मिलिमीटरचं, खाली मायक्रोस्विच असलेलं बटण कॉम (सामाईक) आणि एनओ (दाबल्यावरच जोडलं जाणारं) या दोन टोकांवर लावलं की काम भागतं. तुमच्या बटणावर निळा दिवा आहे, छान आहे, पण दिव्याने पीसी चालत नाही.

आता रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच. तो असलेला तुमचा बॉक्स पीसीच्या यूएसबीतून ५ व्होल्ट मिळाले की मॉनिटर, अँप्लिफायर आणि मार्कीच्या (कॅबिनेटच्या माथ्यावरच्या उजळणाऱ्या पाटीच्या) दिव्यांच्या पट्टीचे सॉकेट चालू करतो. पुस्तिकेत लिहिलंय, ‘कोणत्याही यूएसबी पोर्टला जोडा’. बहुतेक मदरबोर्ड पीसी बंद असतानाही यूएसबीला स्टँडबायचे ५ व्होल्ट देत राहतात. त्यामुळे पीसी बंद होतो आणि मार्की रात्रभर उजळलेली. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ईआरपी हा वीज वाचवणारा पर्याय चालू केला तर हा पुरवठा तुटतो, पण तो पर्याय प्रत्येक बोर्डावर नसतो. खरा उपाय म्हणजे पीसी चालू आहे की नाही हे रिलेला कळवणारी वायर पीसीच्या पॉवर सप्लायच्या मोलेक्सवरून (चार पिनांच्या कनेक्टरवरून) घेणं: लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड. पिवळीला हात लावायचा नाही, ती १२ व्होल्टची. पीसी बंद झाला की लाल वायरही मरते आणि रिले सुटतो. ही जोडणी पुस्तिकेत एका ओळीत बसली असती.

आता आजचा संवाद, शब्दशः.

‘सर, बटण पाच सेकंद दाबून धरा.’
मी म्हटलं, तसं केलं तर पीसी सक्तीने बंद होतो, चालू असलेल्या फाइल्स खराब होऊ शकतात.
‘म्हणजे बंद होतोय ना सर?’
होतोय, पण मार्की आणि मॉनिटर चालूच राहतात.
‘मग आधी विंडोजमधून शटडाउन करा, आणि नंतर बॉक्सच्या मागचा स्विच बंद करा.’
मागचा स्विच कॅबिनेटच्या पाठीमागे, भिंतीला चिकटून आहे. मी विचारलं, मग एक-बटण किट घेऊन काय उपयोग?
थोडं थांबून उत्तर आलं: ‘पण सर, बटण एकच दिलंय ना?’

हो, दिलंय. मोजून घेतलं. याच तर्काने एका चाकाची सायकल विकून ‘चाक दिलंय ना’ म्हणता येईल.

तिसरी गोष्ट मात्र चेष्टेची नाही. तुमचा रिले फेज तोडत नाही, न्यूट्रल तोडतो. भिंतीच्या सॉकेटची जोडणी बरोबर आहे, उजव्या छिद्रात फेज, टेस्टरने तपासलेली. तरीही बॉक्स ‘बंद’ असताना त्याच्या सॉकेटच्या उजव्या छिद्रात टेस्टर पेटतो. मार्की बंद आहे असं समजून अडॅप्टरच्या तारा उघडणाऱ्याच्या हाताला थेट २३० व्होल्ट लागतील. रिलेच्या बोर्डवर फेज आणि न्यूट्रलची एल व एन अक्षरं छापली आहेत, फक्त उलटी. हे तपासायला किती वेळ लागतो?

जाहिरातीत ‘कोणताही मॉनिटर’ म्हटलंय, तेही खोटं. वीज परत आल्यावर आपोआप सुरू न होणारे मॉनिटर कितीतरी आहेत. त्यांना रोज हाताने उठवावं लागतं. किटचं नाव बदला किंवा वाक्य बदला.

मला हवंय ते असं: फेज तोडणारा बोर्ड, दाबून सोडल्यावर परत वर येणारं बटण (हे पुन्हा लिहितोय कारण दोनदा सांगूनही ते तुमच्या लोकांना ‘तांत्रिक बाब’ वाटली) आणि मोलेक्सची वायर. नाहीतर पूर्ण पैसे परत. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद, मग ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, त्यामुळे माझं काही अडत नाही. न्यूट्रल तोडणाऱ्या बोर्डचे आणि टेस्टरचे फोटो तारखेसह माझ्याकडे आहेत.

तुमच्याच जॉयस्टिक आणि बटणांवर विश्वास होता म्हणून हे किट घेतलं. आता पुढचं कॅबिनेट करताना तुमचं पान उघडणार नाही, आणि विचारणाऱ्यालाही तसंच सांगेन.

बोर्ड परत मागवायचा असेल तर कुरिअर तुमच्या खर्चाने.

– ग्राहक