पैलवानाच्या बैठका

सांगली

चि. अजिंक्य यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि पैलवानाचं चित्र पोचलं. मांड्या झकास जमल्यात. ‘याला बैठका मारायला लावायचंय, मोटर पाठवा,’ असं लिहिलंयस. मामा रविवारी येतोय, त्याच्याकडे देतो. पण खेळण्यातल्या गाडीची मोटर देणार नाही. ती मिनिटाला हजारो फेरे घेते, तिच्यावर पैलवानाचा नुसता राखाडी पट्टा दिसेल. ही पिवळी, आत गिअर असलेली आहे. दुकानात ‘बीओ मोटर’ म्हणून मागतात. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे सेकंदाला एक. माझ्याकडे रिवाइंडिंगला येणाऱ्या प्रत्येकाला मोटर जोरात पळायला हवी असते. तुझं काम उलट आहे.

पैलवान हलताना दिसावा म्हणून एक फिरती चकती करायची आहे. त्यासाठी जाड पुठ्ठ्याची २५ सेंमी व्यासाची चकती काप. कोनमापक लावून ३०-३० अंशांवर १२ रेघा मार आणि प्रत्येक रेघेवर कडेपासून आत ३ सेंमी लांब, ३ मिमी रुंद फट पाड. मागची बाजू पोस्टर कलरने काळी कर. पुढच्या बाजूला, फटींच्या आतल्या अंगाला, प्रत्येक फटीमागे एक असे १२ पैलवान. मोटरसोबतच्या चाकावर चकती चिकटव, केंद्र नीट साधून. चित्रं आरशाकडे कर आणि मागून फटीतून बघ.

खरी करामत फटीची आहे. चित्र क्षणभर दिसतं, मग काळा पुठ्ठा आडवा येतो. तेवढ्यात पुढचं चित्र आधीच्या जागेवर येऊन उभं राहतं. मधला सरकण्याचा भाग डोळ्याला दिसतच नाही, म्हणून वाटतं एकच पैलवान हलतोय. बेल्जियमच्या जोझेफ प्लाटोने १८३२ मध्ये अशी चकती केली होती, हातानेच फिरवायची. त्यानंतर ११ वर्षांनी आपल्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ नाटक केलं. त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या, पण त्या दोऱ्यांनी नाचवायच्या. तुझ्या पैलवानाला दोरी नाही.

आता चित्रांचं. १२ वेगळी काढत बसू नकोस, सात पुरेत. पहिलं उभं, सातवं पूर्ण खाली बसलेलं. आठ ते बारा म्हणजे सहा ते दोन उलट क्रमाने, ती ट्रेस कर. म्हणजे बारावं आपोआप पहिल्याला जुळतं. पाय मात्र सगळीकडे केंद्रापासून सारख्याच अंतरावर हवेत. त्यासाठी आधी कंपासने पेन्सिलचं एक वर्तुळ मारून घे. एखादा पाय २ मिमी जरी वर गेला तर पैलवान बैठक सोडून उड्या मारायला लागेल.

सेकंदाला १२ चित्रं म्हणजे जरा लुकलुकणार. लुकलुकू दे. उजेड भरपूर घे, खिडकीपाशी बस. हे जमलं की दुसऱ्या चकतीवर फटी १२ आणि चित्रं १३ करून बघ. सगळे पैलवान बैठका मारत मारत चकतीच्या फिरण्याच्या दिशेने सरकत जातील.

चार पेन्सिल सेल आणि त्यांचा डबा सोबत आहे. काम झालं की सेल काढून ठेव.

आई म्हणतेय पैलवानाला झुपकेदार मिशा काढ. त्या १२ ठिकाणी एकसारख्या काढायच्या आहेत, तेव्हा काय ते तूच ठरव.

तुझे,
बाबा