बंद गाळ्यांतली चित्रे मृगाआधी पाहू द्या

संपादक महोदय,

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे लोकल थांबली आणि वसई-विरार, डोंबिवलीकडच्या चित्रकारांना मुंबईतल्या आपल्याच भाड्याच्या गाळ्यात जाता येईना. जहांगीर कलादालन बंद, काळा घोड्याच्या फुटपाथवरची विक्री बंद, यावर बोलले गेले. कुलपाआड पावसाळ्यात चित्रांचे काय होते, यावर फारसे नाही. यंदा, एप्रिल २०२१ मध्ये, सर्वसामान्यांसाठी लोकल पुन्हा बंद झाली आणि पाऊस तोंडावर आला आहे.

जुलैत मुंबईच्या हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. बुरशीला ७० पुरते. कॅनव्हासचा सरस, जवसाचे तेल, कागदाची खळ हे तिचे खाद्य. त्यातच अंधाऱ्या, दमट खोलीत तैलरंग उशिरा सुकतो आणि पिवळट पडतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे पावसाच्या धास्तीने चित्र प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळणे. ओल आतच कोंडते, आणि बबलरॅपचे फोड मऊ रंगावर उमटतात ते कायमचे. वर सुती चादर पुरते. चित्रे लाकडी पट्ट्यांवर, भिंतीपासून चार बोटे दूर, मध्ये पुठ्ठा घालून उभी ठेवावीत. पावसाचा मारा बसणारी भिंत टाळावी. बुरशी दिसलीच तर ओले फडके मुळीच नको, त्याने ती पसरते आणि रंगात मुरते. चित्र वेगळे काढून आधी सुकू द्यावे, मग एन-९५ मास्क लावून मोकळ्या हवेत मऊ ब्रशने हलकेच झटकावे.

दालने उघडताना होणाऱ्या जंतुनाशक फवारणीची तर भीतीच वाटते. हायपोक्लोराइटने रंग उडतात, सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलने ॲक्रिलिकचा थर विरघळतो. आठवडाभर चित्राला कुणी हात लावला नाही की पुरे.

ज्यांनी काम घरी हलवले, त्यांनी एका खोलीत टर्पेंटाइन वापरू नये, जलरंग बरे. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत.

पण गाळ्यातल्या चित्रांसाठी गाळ्यापर्यंत पोचावे लागते. सरकारने पुढच्या आदेशात एवढे घालावे: ज्याच्या नावे स्टुडिओचा भाडेकरार आहे, त्याला आठवड्यातून एकदा लोकलने येऊ द्यावे. दोन तासांत खिडक्या उघडून हवा खेळवता येते, चित्रांची पाठ तपासता येते, ओल शोषून गुलाबी झालेले सिलिका जेलचे खडे काढून कोरडे निळे ठेवता येतात. मृग ७-८ जूनला लागतो. आदेश त्याआधी निघावा.

– एक चित्रकार, डोंबिवली
मे २०२१