ग्रेटा नदीवरचा पूल

डरहॅम, इंग्लंड
८ जुलै

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पुलांचंच काय एवढं वेड घेतलंस?" आई मध्येच बोलायला आली आणि उत्तर राहून गेलं. सविस्तर लिहावं म्हणून हे पत्र.

इथे सध्या पावणेदहापर्यंत उजेड असतो. ऑफिस सुटल्यावर बोर्ड आणि रंगपेटी घेऊन निघालं तरी एक चित्र निवांत होतं. हवा कोरडी असली की वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सपाट थर, बघता बघता वाळतो. आपल्याकडे आषाढात कागद दिवसभर दमट राहतो, तसं नाही.

शनिवारी ग्रेटा ब्रिजला गेले होते. बार्नर्ड कॅसलजवळचं हे लहानसं गाव, आणि गावाचं नावच पुलाचं. ग्रेटा नदी इथून थोडी पुढे जाऊन टीज नदीला मिळते. पूल एकाच मोठ्या कमानीचा, जॉन कार या वास्तुरचनाकाराचा, १७७३ सालचा. इंग्लिश चित्रकार जॉन सेल कॉटमन १८०५ च्या उन्हाळ्यात या भागात येऊन राहिला तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. त्याचं या पुलाचं जलरंगातलं चित्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आकाराने लहान, पण तुम्ही त्याच्यासमोरून हलणार नाही. सपाट, स्वच्छ वॉश, पहिला पूर्ण वाळल्यावर त्यावर दुसरा, आणि कडा धारदार. घासाघीस कुठेच नाही. पुलाचा दगड न् दगड काढण्याच्या भानगडीत तो पडत नाही, तरी पूल भक्कम उभा आहे.

मला नेमकं तेच हवंय, बाबा. चित्रातला पूल उभा राहिला पाहिजे. तुम्ही फळ्यावर कमान काढताना आधी मध्यबिंदू ठरवायचात आणि म्हणायचात, सगळे सांधे त्या बिंदूकडे बघतात. इथल्या चपट्या कमानींत तो बिंदू पाण्याच्याही खाली जातो. फिक्या पेन्सिलीने तो शोधून घेतला की दगड आपोआप तिरपे बसत जातात. प्रत्येक दगड पाचरीसारखा शेजारच्याला रेटतो आणि तो रेटा शेवटी दोन्ही काठांवर जातो. म्हणून कमान जिथे काठाला टेकते ती जागा चित्रात जड दिसायला हवी. उन्हाळ्यात नेमकी तीच जागा झाडीने झाकलेली असते. तिथे नुसता हिरवा फासला की पूल हवेत तरंगतो. मी तिथे पानांच्या आत अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना तपकिरी मिसळून केलेला गडद करडा घालते, पानं वरून येतात.

आता कमानीच्या पोटाबद्दल, म्हणजे तिच्या आतल्या, पाण्याकडच्या बाजूबद्दल. लांबून ते काळं वाटतं. जवळ बसून पाहिलं तर काळं अजिबात नसतं. नदीचं पाणी डोंगरावरच्या कुजक्या दलदलीच्या मातीमुळे कोऱ्या चहासारखं तांबूस असतं. त्यावर पडलेलं ऊन उलटून वर जातं आणि कमानीच्या आत सोनेरी जाळी हलत राहते. मी आधी तिथे पिवळा ऑकर, म्हणजे मातकट पिवळा रंग, पातळ सोडते, तो वाळला की वरून निळसर सावली देते आणि काही रेघा मोकळ्या ठेवते. प्रतिबिंबाचंही तसंच. ती नुसती उलटी नक्कल नसते. आपण काठावरून कमानीचं पोट थोडंसंच बघतो, पाणी मात्र ते खालून बघतं, त्यामुळे प्रतिबिंबात पोटाचा भाग जास्त दिसतो. हे एकदा कळल्यावर फोटोवरून चित्र काढावंसंच वाटेना.

यॉर्कशरच्या डोंगरात ओझ्याच्या घोड्यांसाठी बांधलेले अरुंद पूलही आहेत. पाठीवरच्या लादलेल्या गोण्या अडकू नयेत म्हणून त्यांचे कठडे अगदी बुटके. स्वेलडेलमधला आयव्हलेटचा पूल तसा आहे, कमान उंच उचललेली, काढायला फार देखणी. त्याचं चित्र आईला आवडेल.

डरहॅममध्ये घराजवळच प्रेबेंड्स ब्रिज आहे. १७७१ च्या नोव्हेंबरात इकडच्या नद्यांना प्रचंड महापूर आला, जुना पूल वाहून गेला, आणि १७७८ पर्यंत हा नवा बांधून झाला. वर कॅथीड्रल, खाली वेअर नदी. लोक कॅथीड्रल रंगवतात, मला मात्र खालच्या कमानी सोडवत नाहीत.

मावसभाऊ महिनाअखेर येतोय, त्याच्याकडे ३०० जीएसएमचा (जाड) खरखरीत कागद आणि माझी काही चित्रं देते. ग्रेटाच्या चित्रात डावीकडचा काठ बघून सांगा, मला तो अजून हलका वाटतो. चित्रावरच पेन्सिलीने खुणा केल्यात तरी चालेल. आणि पाऊस ओसरला की आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी पुलाखाली उतरून कमानीच्या पोटाचा एक रंगीत कच्चा आराखडा मला करून पाठवा. काळा दगड आणि पंचगंगेचं पाणी, तिथली सावली कोणत्या रंगाची असते ते तुमच्या हातून बघायचंय.

राजाराम बंधारा पाण्याखाली गेला का? गुडघा दुखत असेल तर घाटावर एकटे जाऊ नका. आईला नमस्कार.

तुमची,
मंजू