‘बाकी सगळे’ या पानाबद्दल, काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतोय. गावाचं नावही गाळतोय. पण पत्र चारचौघांत वाचू नये असं तुम्ही म्हणाला नव्हता, तेवढी पळवाट मी घेतो. पावतीवर जे लिहिलेलं नाही ते धरायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत.

इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगतो. जेजुरीपासून तासाभरावर आम्ही म्हातारी, लंगडी, सोडून दिलेली गाढवं सांभाळतो. आज एकतीस आहेत, शिवाय चार बैल. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. वैदू, वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार लांबलांबून येतात, जनावराचे दात बघून भाव ठरतो. हा बाजार आता आटत चाललाय. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३ लाख २० हजार गाढवं होती, २०१९ च्या गणनेत ती सव्वा लाखाच्या आसपास उरली. माती आणि वाळू ट्रॅक्टर वाहू लागले. ज्याचं स्वतःचंच पोट गाढवाच्या पाठीवर होतं, त्याला काम नसलेलं म्हातारं जनावर कसं पोसवणार? सोडून जाणाऱ्यांवर मी कधी रागावत नाही. पाठीवरचे जुने व्रण बघितले की मात्र रागावतो.

काकू, तुम्ही आलात ते जेजुरीहून परतताना, शेजारणीच्या गाडीत, पाणी प्यायला. फाटकाशी आमचा ‘पालक योजने’चा फलक होता. कल्पना उसनी होती. इंग्लंडात डेव्हनमध्ये एलिझाबेथ स्वेन्डसन यांनी १९६९ मध्ये गाढवांसाठी संस्था सुरू केली, तिथे लोक एकेक गाढव दत्तक घेतात. आपल्याकडे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वाघ-बिबट्या वर्षभरासाठी दत्तक घेता येतो. वाघ मिळत असताना गाढव कोण घेणार, अशी धाकधूक होती, तरी आम्ही फलक लावला. महिना पंधराशे रुपये, गाढवाचा फोटो, खाली पालकाचं नाव.

तुम्ही चष्मा लावून फलक वाचलात, फोटो मोजलेत आणि विचारलंत, “अकरा झाले. बाकी सगळे कुणाचे?”

मला उत्तर देता आलं नाही. पांढऱ्या नाकाच्या मोती नावाच्या शिंगरासाठी चार कुटुंबं रांगेत होती. कान कापलेली बोडकी, डोळ्यात फूल पडलेला नाना, चावरा काड्या यांना विचारणारं कुणी नव्हतं. पुढच्या गुरुवारी तुम्ही एसटीनं एकट्या आलात, वही मागितलीत आणि नवीन पानावर शीर्षक लिहिलंत: ‘बाकी सगळे’. खाली पहिली नोंद तुमच्याच पेन्शनमधली, तीनशे रुपये. “फोटो नको. जेसीबीला लावा.”

जेसीबीचं तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे. गाढव मेलं की खड्डा घ्यायला जेसीबी बोलवावा लागतो आणि त्या पैशाला पालक मिळत नाही. दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासावे लागतात, धनुर्वाताची लस असते, विजेचं बिल असतं, शेण उचलणाऱ्या दोघांचे पगार असतात. यातल्या कशाचाच फोटो फलकावर शोभत नाही.

आता राधीचं. हे मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही.

राधी ही आमची गाढवी श्रावणात गेली. तिचा जोडीदार भुऱ्या संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ उभा होता. आम्ही खड्ड्याची घाई केली नाही. जोडीतलं एक मेल्यावर दुसऱ्याला ते बघू द्यावं लागतं, नाहीतर ते शोधत राहतं आणि खाणं सोडतं. खाणं सुटलं की गाढवाच्या रक्तात चरबी उतरते आणि मग काही दिवसांत तेही हातचं जातं. भुऱ्यानं तरीही तोंड फिरवलंच. आठ दिवस त्याला मुठीमुठीनं चारत होतो. त्याच आठवड्यात ठाण्याच्या कुटुंबाचे राधीसाठीचे पंधराशे जमा झाले. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीनं कंपासपेटीवर राधीचा फोटो चिकटवला होता. मी कळवलं नाही. भुऱ्या सावरला की लिहू, म्हटलं. भुऱ्या सावरला. पुढच्या महिन्याचे पंधराशेही आले. तेही मी ठेवून घेतले.

लशीची वही आणि पावतीपुस्तक ताडून बघत होता तुम्ही. एकात राधी नव्हती, दुसऱ्यात होती. तुम्ही आवाज चढवला नाहीत. “आमच्या पोस्टात याला काय म्हणतात, माहीत आहे?” एवढंच विचारलंत. मला माहीत होतं. अफरातफर. मग पिशवीतून दोन कोरी पोस्टकार्डं काढून समोर ठेवलीत. “एक बिघडलं तर दुसरं.” तीन बिघडली.

तीन हजार परत पाठवले. मुलीच्या आईचा फोन आला. त्या रागावल्या, आणि त्यांचं रास्तच होतं. त्यानंतर त्यांनी मदत थांबवली, आजतागायत. असल्या पत्रांत सगळे शेवटी परत येतात, म्हणून मुद्दाम सांगतो: ठाण्याचं कुटुंब परत आलेलं नाही. पण जनावर गेल्यावर तीन दिवसांत पालकाला कार्ड गेलंच पाहिजे, हा नियम त्या दिवशी भिंतीवर लागला, तुमच्या अक्षरात. तो अजून मोडलेला नाही.

पोस्टकार्डांचं वेडही तुमचंच. पन्नास पैशांत चार ओळी, तीन महिन्यांतून एकदा, जे आहे ते. “काड्या बरा आहे. डाव्या खुरात पू झाला होता, काढला. गूळ आणू नये.” गुळाची ओळ तुम्ही प्रत्येक कार्डावर लिहायला लावलीत, कारण पालक वाढदिवसाला ढेप घेऊन येतात, एकदा तर केकसुद्धा आला. सुकं काड आणि कडबा खाऊन जगणारं हे जनावर, त्याला गोडाधोडानं खुराचं दुखणं लागतं. एका बाईंनी रागानं उलट लिहिलं, की मग आम्ही प्रेम करायचं तरी कसं? त्याच कार्डावर तुम्ही उत्तर लिहिलंत: “खूर तासायचे पैसे पाठवून.” मला वाटलं, बाई गेल्या. त्यांनी पाठवले.

ऐंशी-जीचं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, प्रकरण थोडक्यात उरकतो. दोन हजारांच्या वर रोख देणाऱ्याला करसवलत मिळत नाही, चारा देणाऱ्यालाही मिळत नाही, आणि देणगीदारांची यादी पॅनसकट ३१ मेच्या आत आयकर खात्याला भरावी लागते, मग त्यांना देणगीचं प्रमाणपत्र देता येतं. हे मला तुमच्याआधी एका सीएनंही सांगितलं होतं. समजलं तुमच्यामुळे.

कडब्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण खरं ऋण तिथलं आहे. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हा कडबा स्वस्त. मेमध्ये तोच शेकडा भलत्याच भावाला जातो. शहाणा माणूस सुगीतच गंजी रचून ठेवतो. पण आमच्याकडे पैसा येतो दिवाळीत आणि मार्चअखेर, लोकांना कर वाचवायचा असतो तेव्हा. दिवाळीचा पैसा जानेवारीत संपलेला, मार्चअखेरचा यायचा बाकी. वर्षानुवर्षं आम्ही मेमध्ये महागाचा कडबा घेत होतो आणि त्याला नशीब म्हणत होतो. तुम्ही पाच वर्षांची बिलं फरशीवर पसरून महिन्यांप्रमाणे लावलीत आणि म्हणालात, “हे नशीब नाही, तारीख आहे.”

त्या फेब्रुवारीत तुम्ही स्वतःच्या ठेवीवर कर्ज काढलंत. माझ्याकडून रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही घेतलीत, दोन साक्षीदार उभे केलेत आणि वर बजावलंत की एप्रिलच्या पाचला परत हवेत. मी चारला दिले. व्याज घेतलं नाहीत, म्हणालात ते काड्याच्या नावावर टाका. त्यानंतर पालकांना आम्ही वर्षाची रक्कम फेब्रुवारीत देता येईल का, असं विचारू लागलो. निम्म्यांहून जास्त देतात. आता कर्ज लागत नाही.

एका बाबतीत मी अजून तुमच्याशी सहमत नाही. ती कंपनी आली होती, दोन लाखांची कमान बांधून द्यायला, वर त्यांचं नाव. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामाला द्यावे लागतात, आणि त्या यादीत प्राणिकल्याणही आहे. तुम्ही साहेबांना विचारलंत, “कमानीखालून गाढवं आत येतील, मग खातील काय?” साहेब हसले आणि कमान दुसरीकडे गेली. मी आठवडाभर तुमच्याशी नीट बोललो नाही. आजही वाटतं, कमान घेऊन टाकायला हवी होती. तिच्या सावलीला जनावरं तरी बसली असती. या विषयावर तुम्ही आल्यावर पुन्हा भांडू.

तुमच्या पानाची सध्याची स्थिती अशी: ‘बाकी सगळे’मध्ये आता बावन्न जण दर महिन्याला काही ना काही टाकतात, कुणी पन्नास, कुणी पाचशे. एकानंही फोटो मागितलेला नाही. फलक आम्ही काढलेला नाही, मोतीला अजून रांग आहे, असू दे. फक्त खाली एक रिकामी चौकट रंगवून घेतली आणि तिच्यात ‘आणि बाकी सगळे’ असं लिहिलं. पेंटरनं विचारलं, फोटो राहिला का?

या पौषात बाजार उठल्यावर रस्त्याकडेला एक गाढवी उभी सापडली. दोन्ही डोळ्यांनी आंधळी, पुढच्या पायाला दोरीचा खोल काच. ती कुणाला चिकटत नव्हती, भुऱ्याजवळ जाऊन उभी राहिली. नाव अजून ठेवलेलं नाही. तुम्ही कळवा, पोस्टकार्डानं कळवलंत तरी चालेल.

आभार मानायचे तर कडब्याच्या एकेका पेंढीपासून सुरुवात करावी लागेल आणि तुम्ही मधेच थांबवाल. म्हणून एकदाच लिहितो: आभारी आहे, काकू.

शस्त्रक्रियेनंतर तीन महिने एसटीत चढायचं नाही, असं तुमच्या लेकीनं फोनवर बजावलंय. पण या महिन्याच्या वहीत बेचाळीस रुपये जास्त निघताहेत. कमी असते तर मी गुपचूप भरले असते. जास्तीचं काय करायचं ते तुम्ही शिकवलेलं नाही. तीनदा बेरीज केली. गुडघा वाकू लागला की या, पान तसंच उघडं ठेवलंय.

आपला नम्र,
गाढवांचा कारकून