खांदा, सीडी आणि बिनझाकणाचा डबा

एडिसन, न्यू जर्सी
9 नोव्हेंबर 2025

ति. बाबा आणि आई,
सा. न.

दिवाळीत व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "रांगोळी कुठाय गं?" आणि मी "पाऊस होता" म्हणून वेळ मारून नेली. पाऊस नव्हता. माझा उजवा खांदा आखडलाय, जुलैपासून. हात वर जात नाही, मागे तर अजिबातच नाही. केस बांधायला तुमची नात लागते आणि ती दर वेळी त्याचे पैसे मागते.

घाबरायचं काही कारण नाही. फ्रोझन शोल्डर म्हणतात त्याला. चाळिशी-पन्नाशीत बायकांना होतो, थायरॉइड असला तर जास्त, आणि बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षं छळून आपला आपण सुटतो. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा, तुम्ही तेलांची नावं सांगायला लागला असता. म्हणून पत्र.

दुखण्यापेक्षा त्यामागची धावपळच जास्त झाली. डॉक्टर म्हणाले, एकदा एमआरआय काढून बघू, आत काही फाटलं नाही ना. विमा कंपनी म्हणाली, आधी सहा आठवडे फिजिओथेरपी करा, मग बघू. केली. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. जिथवर बोट जाईल तिथे पेन्सिलीने रेघ मारायची. आमच्या स्वयंपाकघरात नातीची उंची मोजलेल्या रेघा आहेतच, त्यांच्या शेजारी आता माझ्या. तिच्या रेघा वर्षाला दोन इंच चढल्यात, माझ्या सहा आठवड्यांत साडेतीन. (हे तिला सांगितलं तर म्हणाली, "पण मी परत खाली येत नाही.")

सहा आठवडे झाले तरी मंजुरी येईना. दवाखाना म्हणे, आम्ही फॅक्स केलाय. विमा कंपनी म्हणे, आम्हाला मिळालेला नाही. हो बाबा, फॅक्स! तुम्ही टेलिफोन खात्यातून रिटायर होताना जे यंत्र आता गेलं म्हणत होतात, ते कुठेही गेलेलं नाही, इथल्या दवाखान्यांत आहे. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मी फोन कानाला लावून तेच संगीत ऐकत बसले होते. चौथ्या दिवशी एका भल्या बाईने विचारलं, "तुमचा जन्म 8 मार्चचा ना?" नाही हो, 3 ऑगस्टचा. पण दवाखान्याच्या फॉर्मवर मी आपल्या सवयीने आधी तारीख, मग महिना लिहिला होता. 3/8. इथे महिना आधी. बावीस वर्षं या देशात राहून हात चुकला, आणि 3 ऑगस्टवाल्या बाईच्या नावावर 8 मार्चवालीचा फॅक्स कुणी लावेना. तीन दिवस ज्यांच्या नावाने खडे फोडले त्यांची मनातल्या मनात माफी मागितली. संगीताची नाही.

एमआरआय झाला. मग त्याची सीडी माझ्या हातात दिली आणि सांगितलं, हाडांच्या डॉक्टरांकडे तुम्हीच घेऊन जा. तिथल्या काउंटरवर ती उघडेना. "तुम्ही घरी लावून बघता का, कोरी तर नाही ना?" घरी! घरात चार लॅपटॉप, एकालाही सीडीची खाच नाही. मिरजेत संध्याकाळी ती मोठी फिल्म पिवळ्या पाकिटात हातात पडते, बल्बसमोर धरली की शेजारचे काकासुद्धा मत देतात. डॉ. वॉनलेसनी 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं तेव्हापासून आपलं गाव दवाखान्यांवर जगतंय, आणि त्याच गावची मी, इथे सीडी घेऊन पार्किंगमध्ये उभी.

पार्किंगच्या पलीकडेच थ्रिफ्ट स्टोअर, म्हणजे लोकांच्या वापरलेल्या वस्तूंचं दुकान, होतं. आईला या दुकानांचं नाव काढलेलं आवडत नाही, "कुणाचं उतरलेलं अंगाला लावायचं?" अगं, पण तुझी बोहारीण आठव. बाबांच्या दोन पँटी आणि एक जुनं नायलॉनचं पातळ देऊन तू पातेलं घ्यायचीस, तेही अर्धा तास घासाघीस करून. इथे तेच, फक्त बोहारीण दारात येत नाही, लोकच गाडीत भरभरून आणून देतात. प्रत्येक वस्तूला रंगीत चिठ्ठी, आणि आठवड्याला एका रंगाची निम्म्या किमतीत. त्या आठवड्यात निळा होता. घासाघीस नाही, पण निळी चिठ्ठी शोधण्यात तेवढंच समाधान मिळतं, खरंच.

मागच्या भिंतीला वायरींचं जंगल असतं. त्यात हात घातला (डावा) आणि चार डॉलरला यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळाला. चिठ्ठी निळी, म्हणजे दोन डॉलर. गाडीतच लॅपटॉप उघडून जोडला. घरघर झाली, आणि माझा खांदा पडद्यावर आला. राखाडी, गोल, कापलेल्या फणसासारखा. सीडी कोरी नव्हती. तसाच ड्राइव्ह घेऊन परत काउंटरवर गेले, डॉक्टरांनीही त्यावरच बघितलं. काही फाटलेलं नाही. भिंतीवर चढत राहा, म्हणाले.

बाबा, तुमची ती फाइल, 1987 पासूनची दवाखान्याची प्रत्येक चिठ्ठी सुतळीने बांधलेली, तिला मी किती हसले असेन. आता माझीही झालीय. जन्मतारीख पहिल्याच पानावर, महिना अक्षरात. तुमच्या फाइलमधल्या मागच्या महिन्याच्या ईसीजीबद्दल मला दादाकडून कळलं, तुमच्याकडून नाही. रांगोळीचं मी सांगितलं, आता तुमची पाळी.

दुकानातून निघताना भांड्यांच्या फळीवर, काचेच्या वाडग्यांमागे एक स्टीलचा डबा दिसला. उलटा केला तर बुडावर टिंबाटिंबांची अक्षरं, आपली: "चि. सौ. कां. … हीस लग्नात मावशीकडून भेट, 11-5-84". नावाची जागा घासून घासून गुळगुळीत झालीय, मावशी मात्र स्पष्ट आहे. एकेचाळीस वर्षं कुणीतरी त्यात पोहे नाही तर डाळ ठेवली असणार, सामानात बांधून इथवर आणला असणार. दुकानातल्या मुलीने विचारलं, ही नक्षी कसली? म्हटलं, माझ्या भाषेतली आहे. तिने तीन डॉलर घेतले. चिठ्ठी पिवळी होती.

आता त्यात मी शेंगदाण्याचं कूट ठेवते. फक्त झाकण नाही, वर बशी पालथी घालावी लागते. आई, माळ्यावर त्या बिनडब्याच्या झाकणांची गोणी अजून आहे ना? डब्याचं तोंड बाहेरून साडेसहा इंच आहे, काठ आत वळलेला. तू वर चढू नकोस, दादाला चढव. मिळालं तर डिसेंबरात वहिनीच्या भावाबरोबर पाठव.

तुमची,
ताई