यीस्टच्या प्रथिनाला कात्री लागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला यीस्टवरचा लेख दोनदा वाचला. पाव फुगण्यापलीकडे जाऊन यीस्टच्या पेशीत डोकावणारे मराठीत कोणी लिहिले, याचा फार आनंद झाला. एक वाक्य मात्र खटकले: ‘हे प्रथिन विकरे कापतात आणि पुन्हा जोडतात.’ विकरे म्हणजे पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने; पण इथे कापायला बाहेरचे कोणी येतच नाही, प्रथिनाची साखळी स्वतःच स्वतःला कापते आणि जोडते.

मी मिरजेत 31 वर्षे बारावीला जीवशास्त्र शिकवले. आरएनएचे स्प्लायसिंग (मधला तुकडा काढून दोन्ही बाजू जोडणे) शिकवून झाले की प्रथिनातही तसेच घडते हे दाखवायला मी पर्समधून मण्यांची माळ काढायचे: 28 पांढरे मणी, मग 45 लाल, मग 33 पांढरे. एक मणी म्हणजे साधारण दहा अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दुवे. यीस्टच्या व्हीएमए1 जनुकापासून 1,071 अमिनो आम्लांची सलग साखळी बनते. तिच्यातला 454 चा मधला तुकडा, म्हणजे इंटीन, स्वतःला सोडवून घेतो आणि उरलेल्या दोन बाजू जुळून 617 चे प्रथिन होते. पेशीतल्या पिशवीसारख्या रिक्तिकेत आम्लता राखणाऱ्या पंपाचा हा मुख्य भाग. जपानमध्ये अनराकू आणि अमेरिकेत स्टीव्हन्स यांच्या गटांनी हे 1990 मध्ये दाखवले.

मुले दरवर्षी एकच विचारायची. ‘‘मॅडम, एवढे लाल मणी मधे असताना पांढरी टोकं एकमेकांना सापडतात कशी?’’ प्रश्न अगदी नेमका आहे. 1997 मध्ये या इंटीनची स्फटिकरचना उलगडली. त्याचा स्प्लायसिंग करणारा भाग घोड्याच्या नालासारखा वळलेला आहे, आणि त्या वळणामुळे इंटीनची सुरुवात आणि शेवट शेजारी येतात. मग इंटीनच्या सुरुवातीच्या सिस्टीन या अमिनो आम्लातले गंधक आपल्या आधीचा बंध स्वतःकडे ओढते. डावा पांढरा भाग तिथून लाल तुकड्यापलीकडच्या पहिल्या सिस्टीनवर जातो. त्यानंतरच इंटीनचे शेवटचे अमिनो आम्ल, अस्पॅराजीन, कडे करून वळते आणि लाल तुकडा सुटतो. शेवटी पांढऱ्या भागांमधला गंधकाचा बंध बदलून प्रथिनातला नेहमीचा पेप्टाइड बंध होतो. आधी नवी गाठ, मग जुनी सुटते. डावे टोक क्षणभरही मोकळे पडत नाही. हे दाखवताना माझी दोन्ही बोटे दोऱ्यावर असायची. यासाठी पेशीचे इंधन असलेले एटीपीसुद्धा खर्च होत नाही.

लेखातला घोळ कशाने झाला असावा, तेही लक्षात येते. या इंटीनच्या दुसऱ्या भागात एन्डोन्यूक्लिएज हे विकर आहे खरे, पण ते कापते डीएनए. या प्रथिनाच्या कापाकापीशी त्याचा संबंध नाही.

पुढच्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी आणि सोबत त्या नालाचे रेखाचित्र द्यावे, ही विनंती. बारावीची मुले तुमची पुरवणी कापून वहीत चिकटवतात, हे मी पाहिलेले आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मिरज